मागून येणारा आवाज

मागच्या कुठल्या चाकात आवाज आहे, हे गाडीत बसलेल्याला सांगता येत नाही. तो पत्र्यातून चढतो, सीटखालून फिरतो, आणि डाव्या चाकाचं दुखणं उजव्या कानाशी येऊन बोलतं. चाळीसगावचा मिस्त्री विचारतो, 'भाऊ, आवाज कथाईन येस?' पण आपलं उत्तर तो फारसं मनावर घेत नाही. त्याचा खरा प्रश्न पुढचा असतो: 'घुं-घुं करस का खट-खट?'

खट-खट सोपी. खड्ड्यात वाजली तर शॉकअपचं बुश गेलं. ब्रेक दाबताच चर्र झालं तर लायनर संपले. घुं-घुं मात्र टायरची असते किंवा बेअरिंगची, आणि दोघांचा सूर कान फसावा इतका सारखा.

त्यासाठी धुळे रोड बरा. सपाट रस्त्यावर वेग धरायचा, गाणी बंद करायची (आवाज आला की गाणी मोठी करणारे आमच्याकडे कमी नाहीत), आणि गाडी न्यूट्रल करायची. घुं-घुं तशीच राहिली तर इंजिन संशयातून सुटलं. गुळगुळीत डांबर संपून खडबडीत लागल्यावर सूर बदलला, तर संशय टायरवर. रस्ता कसाही असो, वेगाबरोबर नुसता चढतच गेला, तर बेअरिंगवर.

आता कुठल्या बाजूचं? इथं आमचा कन्नडचा घाट कामाला येतो. जुन्या नकाशांतला औट्रम घाट तो. लोक तिथं गौताळ्याची हिरवाई बघतात. मला तो चाकं तपासायलाही बांधल्यासारखा वाटतो. डाव्या वळणावर गाडी उजवीकडे कलते, भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घुं-घुं वाढली आणि उजव्या वळणावर दबली, तर बहुधा उजवं बेअरिंग. काचा उतरवल्या, की कड्याच्या बाजूचा आवाज दगडावर आपटून दुप्पट परत येतो. मागे वाहन नसेल तरच हे करावं, हेही सांगायला हवं.

रेल्वेनं ही विद्या फार पूर्वीच ओळखली. भुसावळसारख्या मोठ्या स्टेशनात गाडी शिरताना तपासणारे कर्मचारी रुळांच्या दोन्ही बाजूंना थांबून चाकं बघतात, ऐकतात. चाक एका जागी घासून सपाट झालं असेल तर प्रत्येक फेऱ्याला एकदा ठोका पडतो. बेअरिंग बिघडलं की तापतं. म्हणून आमचा मिस्त्रीही फेरी मारून आल्यावर आधी चाकाच्या मध्याजवळ हात नेतो.

मग जॅक. चाक हातानं फिरवायचं, दुसरा हात स्प्रिंगवर. खरखर बोटांना कळते. वर-खाली धरून हलवायचं, डुलतं का बघायचं.

एवढ्या चौकशीनंतर कधी कधी ड्रममागच्या पत्र्यात अडकलेला मुरमाचा खडा निघतो. तो तळहातावर ठेवून मिस्त्री बिल सांगतो, आणि घासाघीस करायला आपलं तोंड उघडत नाही.