ऐकणारे मौन

बंगळुरूच्या बसवनगुडीत नंदीचे एक जुने देऊळ आहे. या नंदीच्या पायाशी वृषभावती नदी उगम पावते, अशी परंपरागत श्रद्धा आहे. महानगराचे सांडपाणी पोटात घेत ही नदी नैऋत्येकडे जाते आणि बैरमंगल गावाजवळच्या जलाशयात येऊन साचते. आज त्या पाण्यावर फेस दाटलेला दिसतो. याच बैरमंगलच्या परिसरात १७ डिसेंबर १९३९ रोजी एका जागतिक आध्यात्मिक केंद्राची कोनशिला बसवण्यात आली होती. युरोपात महायुद्ध पेटून साडेतीन महिने झाले होते. ज्यांच्या संकल्पाने हा समारंभ घडला, त्या मेहेरबाबांनी त्या दिवशी एकही शब्द उच्चारला नाही. त्यांच्या मौनाला तेव्हा चौदा वर्षे होऊन गेली होती. संकल्पित केंद्र पुढे उभे राहिले नाही. मौनही अखेरपर्यंत सुटले नाही.

मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शेरियार इराणी, यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या या झरथुष्ट्री तरुणाला आध्यात्मिक दीक्षा मिळाली ती पुण्याच्या लष्कर भागात कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या मुसलमान फकीर स्त्रीकडून. आणि त्या अनुभवाला स्थैर्य आले ते साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात. १० जुलै १९२५ रोजी अहमदनगरजवळच्या (आजच्या अहिल्यानगरजवळच्या) अरणगावातील मेहेराबाद येथे त्यांनी मौन धारण केले. ३१ जानेवारी १९६९ रोजी देहावसान होईपर्यंत, म्हणजे ४३ वर्षांहून अधिक काळ, ते टिकले. आरंभी ते पाटीवर लिहीत. पुढे लेखनही थांबवून इंग्रजी मुळाक्षरांच्या फळीवर ते एकेका अक्षरावर बोट ठेवू लागले. १९५४ साली त्यांनी ती फळीही बाजूला केली आणि केवळ हातांच्या खुणा उरल्या.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. माणूस अक्षरे दाखवतो, प्रवचने सांगतो, १९५५ साली ‘गॉड स्पीक्स’सारखा ग्रंथ प्रसिद्ध करतो, तर मग त्याचे मौन ते कोणते? या शंकेचे निरसन करण्यासाठी मौन या शब्दाकडेच वळावे लागते. मुनीचा भाव तो मौन, अशी त्याची व्युत्पत्ती आहे. तीत तोंड मिटण्याचा उल्लेख नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे कायिक, वाचिक आणि मानसिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे हे वाचेचे तप होय. मौनाची गणना मात्र तेथे वाचेच्या तपात केलेली नाही. ती मनाच्या तपात केली आहे. गीतेची ही वर्गवारी फार अर्थपूर्ण आहे. जिभेला कुलूप घालूनही मन बाजारासारखे गजबजलेले असू शकते. आणि बोलणाऱ्याच्याही अंतरात मौन नांदू शकते.

मराठी संतपरंपरेला हे अपरिचित नाही. नामाचा गजर करणारी ही परंपरा वरवर पाहता मौनाच्या विरुद्ध टोकाला उभी आहे असे वाटते. परंतु याच परंपरेच्या आरंभी ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त शब्दाचे उपकार मानून पुढे शब्दखंडनाचे स्वतंत्र प्रकरण रचले. शब्द वाटेपर्यंत नेतो, घरात नेत नाही, हे शब्दाच्याच साहाय्याने सांगण्याचे धाडस त्यांनी केले. कन्नड वचनकारांत अल्लमप्रभूंची वाणीही अशीच शब्दाला त्याच्या काठापर्यंत नेते. नामघोष आणि मौन या एकाच साधनेच्या दोन बाजू आहेत, कारण दोन्हींत ‘मी’चे बोलणे थांबावे अशी अपेक्षा आहे.

मेहेरबाबांच्या फळीचा विचार या प्रकाशात करावा. एकेका अक्षराला बोट लावून बोलायचे म्हणजे प्रत्येक शब्दासाठी श्रम मोजायचे. व्यर्थ शब्द तेथे परवडत नाही. शिवाय ऐकणाऱ्यालाही सैल बसता येत नाही. बोटाकडे डोळे लावून त्याला प्रत्येक शब्द स्वतः जुळवावा लागतो. एकाच्या मौनातून दुसऱ्याचे अवधान जागे होते. बंगळुरूच्या वास्तव्यात त्यांनी मस्तांसाठी आश्रम चालवला, ही गोष्टही याच संदर्भात ध्यानात घेतली पाहिजे. ईश्वरप्रेमात देहभान हरपलेल्या या माणसांना जग वेडे म्हणत होते. मेहेरबाबा त्यांना स्वतःच्या हातांनी स्नान घालीत, भरवीत. विल्यम डंकिन यांच्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वेफेअरर्स’ या ग्रंथात या कार्याची तपशीलवार नोंद आहे. बोलणे थांबले तेव्हा हात मोकळे झाले, असेच म्हणावे लागते. आपण मौन सोडू असे मेहेरबाबांनी वेळोवेळी सूचित केले होते. ते कानांना ऐकू येईल अशा रीतीने घडले नाही. भक्त त्याचा एक अर्थ लावतात, संशयी दुसरा. त्या वादापेक्षा आश्रमातील हातांची साक्ष अधिक विश्वसनीय आहे.

तथापि मौनाची थोरवी सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मौनाला एक धोकाही आहे, आणि त्याची जाणीव करून देणारी जागा बंगळुरूतच आहे.

विनोबा भावे यांनी २५ डिसेंबर १९७४ रोजी पवनारच्या आश्रमात एक वर्षाचे मौन आरंभिले. त्या वर्षाच्या मध्यावर, २५ जून १९७५ रोजी, देशावर आणीबाणी लादली गेली. मौनात असलेल्या विनोबांनी ‘अनुशासनपर्व’ हा महाभारतातील शब्द लिहून दिला आणि सत्तेने तो आपल्या समर्थनाची पताका म्हणून मिरवला. अनुशासन आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन, हा खुलासा मौन सुटल्यावर झाला. तोवर शब्द दूर निघून गेला होता. बोलणारा माणूस आपल्या शब्दाच्या पाठोपाठ जाऊ शकतो, मौनी जाऊ शकत नाही. विनोबांच्या साधनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मौनाच्या काळातही जग बोलत असते, आणि मौनातून निसटलेला एकच शब्द ते आपल्या सोयीने वापरते.

त्याच सुमारास बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात आणखी एक मराठी माणूस होता. मधु दंडवते मूळचे अहमदनगरचे, ज्या गावाजवळ मेहेरबाबांचे मौन सुरू झाले तेथलेच. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले हे खासदार संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूस आले असता २६ जून १९७५ रोजी अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी यांच्याबरोबर पकडले गेले. पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या. दोघांमध्ये उरली ती पत्रे. हे मौन त्यांनी घेतलेले नव्हते, त्यांच्यावर लादलेले होते.

त्याच कारागृहात १९७६ च्या मे महिन्यापासून स्नेहलता रेड्डी होत्या. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटात चंद्रीची भूमिका करणाऱ्या या अभिनेत्रीला दम्याचा विकार होता. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले आणि २० जानेवारीला त्यांचे निधन झाले. रात्रीच्या निःशब्दतेत त्यांच्या कोठडीतून येणारा आक्रोश आपल्याला ऐकू येई, असे दंडवत्यांनी आठवणींत नोंदवले आहे. त्यांनी त्या रात्री जे ऐकले, ते जपून ठेवले आणि पुढे सांगितले. मौनाची याहून कठोर कसोटी सांगता येणार नाही. कोणतीही साधना नसताना, तुरुंगाच्या भिंतीआड, त्यांच्या वाट्याला आलेल्या शांततेने मौनाचे खरे काम केले: दुसऱ्याचा आवाज ऐकू येऊ दिला.

अंतर्मुख होणाऱ्याला प्रथम ऐकू येते ते स्वतःच्याच मनातील कोलाहलाचे वादळ. ते शमले की एक गाढ स्वस्थता लाभते, आणि पुष्कळ साधक हेच साध्य मानून तेथे विसावतात. परंतु ती केवळ पायरी होय. त्या स्वस्थतेत जर शेजारच्या कोठडीतला आवाज पोचत नसेल, तर तिला शांती म्हणता येईल, ज्ञान म्हणता येणार नाही. ईश्वराशी जोडणारा धागा आणि माणसाशी जोडणारा धागा असे दोन वेगळे धागे मौनाजवळ नसतात. मस्तांना न्हाऊ घालणाऱ्या हातांना हे कळले होते.

बंगळुरूचे ते कारागृह आता तेथे नाही. त्या जागी २००८ साली ‘फ्रीडम पार्क’ झाले. जुना टेहळणीचा मनोरा आणि काही बराकी राखून ठेवल्या आहेत, आणि त्याच आवारात लोक आपली गाऱ्हाणी घेऊन निदर्शने करतात. बराकीजवळ घटकाभर गप्प उभे राहिले तर त्यांच्या घोषणा स्पष्ट ऐकू येतात.