बर्मिंगहॅमचं पत्र

आमच्या घरात जमिनीच्या कागदांपेक्षा बंदुकीच्या कागदांची फाईल जाड आहे. परवान्याच्या नूतनीकरणाची चलनं, दर निवडणुकीच्या आधी बंदूक ठाण्यात जमा केल्याच्या पावत्या, काडतुसांची बिलं, आणि दोन कारखान्यांशी झालेला पत्रव्यवहार. एक कारखाना इंग्लंडात बर्मिंगहॅमचा, दुसरा उत्तर हिंदुस्थानातला. दोघांचीही नावं मी इथे देत नाही. पहिल्याकडून चूक झाली नव्हती, आणि दुसऱ्याची बाजू मी कधी ऐकलेली नाही.

आमचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या काठावर. भात पोसवलं की रानडुकरं उतरायची, गवे यायचे, कधी अस्वल. माळ्यावर बसून रात्रभर डबे बडवायचे आणि अगदीच गळ्याशी आलं की बंदुकीचा एक बार हवेत काढायचा, एवढाच आमच्याकडे बंदुकीचा उपयोग. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर जनावरावर नेम धरण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पण शेतकऱ्याला बंदूक हवी असते ती झोप लागावी म्हणून.

ती दुनळी आज्जानं एका इनामदाराच्या घरातून घेतलेली. घोडेवाली, बारा बोअरची. बारा बोअर म्हणजे काय हे आबा मला कौतुकानं सांगत: नळीच्या तोंडात बरोबर बसेल अशा शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. नळ्यांवर पाण्यात तेल सांडल्यासारखी नक्षी होती. जुन्या तलवारीच्या पात्यावर जौहर असतो तशी. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गजाभोवती गुंडाळून, ठोकून जोडलेल्या अशा नळ्यांना डमॅस्कस म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आज्जा पितळी काडतुसांत घरी काळी दारू भरायचा. आबांच्या वेळी खडकीच्या कारखान्यातली तयार काडतुसं मिळू लागली होती. तीत बिनधुराची दारू. धूर नाही, नळी धुवायची कटकट नाही. आबा खूश होते.

१९७५ च्या पावसाळ्यात डाव्या घोड्याची कमान तुटली. बेळगावच्या कँपातल्या मेस्त्रीनं ती तळहातावर घेऊन पाहिली आणि म्हणाला, “कंपनीलाच लिवा की. त्यांचा पार्ट आला तर सोनं.” मी दहावीत होतो, इंग्रजीत वर्गात पहिला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ, त्यामुळे इंग्लंडला पत्र लिहायला माझ्याइतका लायक माणूस पंचक्रोशीत नाही, असं आबांचं मत आणि माझंही. नळ्या उतरवून त्यांच्या पोटाशी असलेले शिक्के आम्ही कागदाखाली धरून पेन्सिलीनं घासून उठवले. एक मुकुट आणि त्याखाली दोन अक्षरं, दुसरा मुकुट आणि त्याखाली एक अक्षर. आम्ही कुठली काडतुसं वापरतो तेही लिहिलं, का तर पत्र जरा भरीव दिसावं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. मी पुढच्या आयुष्यात बँकांना, वीज मंडळाला, सायकलीच्या आणि पंपाच्या कंपन्यांना शेकड्यांनी पत्रं लिहिली. असं उत्तर पुन्हा आलं नाही. कुणा सरंजामदाराला लिहावं तशा अदबीनं आबांना संबोधलं होतं. त्यांच्या वहीत नंबर सापडला होता: बंदूक १८८९ ची, मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पाठवलेली. कमान आता त्यांच्याकडे शिल्लक नव्हती, पण कुशल कारागिराला ती घडवता येईल म्हणून मूळ आकाराचं, मापं घातलेलं रेखाचित्र सोबत जोडलं होतं. पैसे नकोत. आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘द बॅरल्स हॅव नेव्हर बीन प्रूव्हड फॉर नायट्रो पावडर, अँड वुई शुड नॉट केअर टू हियर ऑफ देअर बीइंग यूझ्ड विथ इट.’

शाळेच्या कपाटातली डिक्शनरी आणून मी सोप्यावर बसलो. आबा, चुलते, शेजारचे दोघे समोर. प्रूव्ह म्हणजे सिद्ध करणे, पुरावा देणे. केअर म्हणजे काळजी, फिकीर. मी ठसक्यात सांगितलं, “नायट्रो पावडरीबद्दल नळ्यांचा काही पुरावा मिळत नाही, आणि ती वापरल्याचं ऐकून आम्हाला फिकीर नाही.”

आबा म्हणाले, “म्हंजे वापरली तरी त्यांची हरकत नाही म्हणायचं.”

“नाही,” मी म्हणालो.

रेखाचित्र मेस्त्रीला इंग्रजी न येताही वाचता आलं. चार दिवसांत त्यानं कमान घडवली. घोडा नव्यासारखा टक्कन् बसू लागला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री डुकरं आली. मी माळ्यावर कंदील धरून होतो. आबांनी डावा घोडा ओढला. आवाज नेहमीचा नव्हता, एवढंच आठवतं. पत्रा फाटल्यासारखा होता. नळी आबांच्या डाव्या हाताच्या वरच उसवली होती, शिवण उसवते तशी. पंचानं हात बांधून बैलगाडीतून खानापूर आणि तिथून ट्रकनं बेळगाव. दोन बोटं गेली. पंचनामा कन्नडमध्ये झाला, आबांनी खाली मराठीत सही केली. उजवा हात शाबूत होता.

मेस्त्री दवाखान्यात आला तो कॉटचा पाय धरूनच बसला. कमान जास्त कडक झाली असणार, घोडा जोरानं पडला असणार, असं काहीबाही तो पुटपुटत होता. आबा म्हणाले, “तुझं काय न्हाई त्यात.” पण गावानं ठरवून टाकलं होतं. बेळगावातही बातमी पसरली. त्याच्याकडे जाणारे पुढे दुसऱ्याकडे जाऊ लागले.

१९७८ मध्ये आबांनी नवी एकनळी घेतली, ती त्या उत्तरेकडच्या कारखान्याची. घरी आल्यावर दहा काडतुसांतली तीन नुसती ‘टक्’ म्हणाली. काढून पाहिलं तर टोपीवर पिनेचा खड्डा जेमतेम उमटलेला. मी तेव्हा बी.ए.ला होतो, इंग्रजी घेऊन. तीन पत्रं लिहिली. चार महिन्यांनी सायक्लोस्टाईलचा हिंदी कागद आला: तक्रार नोंदली आहे, शस्त्र अधिकृत विक्रेत्याकडे न्यावे. दुरुस्तीची सोय असलेला त्यांचा जवळचा विक्रेता पुण्यात.

आता गंमत अशी, की आमचा परवाना कर्नाटकापुरता. बंदूक पोस्टानं पाठवता येत नाही, आणि हद्द ओलांडून न्यायची तर परवान्याचं क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, तहसीलदारांचा अभिप्राय, पोलिसांचा अहवाल. डुकरं मात्र चंदगडच्या हद्दीतून येत आणि पहाटे तिकडेच परत जात. आबा सीमेच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. पण सीमाप्रश्नाचा खरा अर्थ आपल्याला फायरिंग पिनीनं शिकवला असं ते म्हणत.

आठ महिन्यांनी मंजुरी मिळाली. पुण्याच्या दुकानदारानं बंदूक उघडलीसुद्धा नाही. “ओलीत ठेवली असणार,” म्हणाला. मग पावती मागितली, मग पावतीवरची तारीख पाहिली आणि हमीची मुदत संपल्याचं सांगितलं. मुदत अर्जावरच्या अभिप्रायांत संपली होती. इतर कुठल्या वस्तूच्या बाबतीत गिऱ्हाईक निदान गिऱ्हाईक तरी असतं. बंदूकवाला आधी परवानाधारक, त्याआधी संशयित, आणि वेळ उरलाच तर गिऱ्हाईक.

परतल्यावर आबांनी ती मुद्दाम त्याच मेस्त्रीकडे नेली. मी सोबत होतो. त्यानं आबांच्या हाताकडे पाहिलं नाही. पीन काढली, नवी घासून बसवली, पंधरा रुपये सांगितले. आबा बंदूक उचलू लागले तसा म्हणाला, “थांबा. साबीत झाल्याबिगर बंदूक कुणाच्या हातात देणार न्हाई आता.”

मागच्या परड्यात एक जुना ट्रकचा टायर होता. त्यावर त्यानं बंदूक आवळून बांधली, काडतूस भरलं, चापाला सुतळी लावली आणि भिंतीआड जाऊन ओढली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग नळीवरून बोट फिरवत म्हणाला, “झाली साबीत.”

मी भिंतीला टेकून उभा होतो. साबीत. प्रूव्हड. चार वर्षं जे वाक्य मला पाठ होतं, ते त्या क्षणी पहिल्यांदा मराठीत आलं.

पुढे मी त्याविषयी वाचलं. बर्मिंगहॅमला १८१३ पासून एक प्रूफ हाऊस आहे. नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार तिथे नळीतून काढतात. टिकली तर शिक्का बसतो. १८६८ च्या त्यांच्या कायद्यानं अशा शिक्क्याशिवाय बंदूक विकणं गुन्हा ठरवलं. आम्ही पेन्सिलीनं उठवलेले मुकुट म्हणजे तेच शिक्के, काळ्या दारूच्या चाचणीचे. बिनधुराच्या दारूचा वेगळा शिक्का, मुकुटाखाली ‘एनपी’, १९०४ पासून. आमच्या नळीवर तो असणं शक्यच नव्हतं. पट्ट्यांचे सांधे आतून गंजत जातात आणि वरून नक्षी तशीच सुंदर राहते. त्यांना पेन्सिलीच्या ठशावरून पाच हजार मैलांवर कळलं होतं, आणि त्यांनी सांगितलंही होतं. ‘शुड नॉट केअर टू हियर’ म्हणजे इंग्रजांच्या शिष्टाचारात ‘कृपा करून असं करू नका’. बी.ए.च्या वर्गात ते शिकवत नाहीत, पण आता मला ते येतं.

त्या दिवशी परड्यात मी काही बोललो नाही. नंतरही नाही. मेस्त्री १९८९ मध्ये गेला. त्याच्या दहाव्याला मी गेलो होतो आणि तिथे कुणीतरी आबांच्या बोटांची गोष्ट सांगत होतं, कमान कडक झाली तीच. मी चहा पीत होतो.

आबांना सांगितलं १९९३ मध्ये. तोवर मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. फाईल उघडून पत्र काढलं आणि ते वाक्य नीट वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. आबा बराच वेळ डाव्या हाताची उरलेली बोटं उजव्यानं चोळत राहिले.

“मेस्त्रीच्या पोराला सांगितलंस?”

“नाही.”

“उद्या जाऊन ये.” आणि जरा वेळानं, “त्या लोकांना उत्तर धाडलेलं काय आपण? इतकं चित्र काढून पाठवलं त्यांनी.”

उत्तर आम्ही धाडलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बेळगावला गेलो. मेस्त्रीच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं दुकान बंद करून तिथं झेरॉक्स टाकलं होतं. तो आत गेला आणि एका डब्यातून चार घड्या पडलेला कागद घेऊन आला. कमानीचं रेखाचित्र. वडील ते अधूनमधून काढून मापं पुन्हा पुन्हा मोजत, एवढंच तो म्हणाला, आणि कागद मला दिला.

आबांनी सांगितलं तसं मी पत्र लिहिलं, अठरा वर्षं उशिरा आभार मानले. दोन महिन्यांनी पाकीट न उघडता परत आलं. त्यावर इंग्लंडच्या टपालखात्याचा शिक्का होता: पत्त्यावरून निघून गेले. आबांना तो मी वाचून दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, अर्थ बरोबर आहे ना.