देवीच्या माळाकडे

करमाळ्यात पहाटे पळायचं तर पूर्वेकडे पळावं. गाव मागे पडतं, श्रीदेवीच्या माळाची वाट समोर येते आणि उजाडतं ते आपल्या डोळ्यांदेखत. सूर्य उगवायच्या वीस-बावीस मिनिटं आधी रस्त्यावरचा खड्डा कोणता आणि ओला डाग कोणता, हे कळायला लागतं. त्याआधी डोळ्यांचा भरवसा नसतो. डांबर संपून मुरूम लागला हे तळव्याला आधी समजतं. कुणी रात्रपाळीनं पाणी दिलेलं रान जवळ आलं की गार हवेचा एक पट्टा आडवा येतो, दहा पावलांत सरतो आणि पुन्हा कोरडी हवा. दिवसा याच वाटेनं शंभरदा गेलं तरी हा पट्टा सापडत नाही.

आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. मे महिन्यात सकाळी आठलाच ऊन अंगावर येतं. तापलेली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा सूर्योदयाच्या सुमाराला सगळ्यांत थंड होते. उन्हाळ्यात अंगाला सुख म्हणून जे काही मिळतं, ते याच घडीला. पौषात गोष्ट उलटी. ज्वारी कणसात आलेली, कालच्या शेकोट्यांच्या राखेचा वास अजून बांधावर रेंगाळलेला, आणि पहिली पाच मिनिटं घशात नुसती थंडी टोचत राहते. मग केव्हातरी श्वास आणि पाऊल एका लयीत येतात. ते नेमकं कुठे घडलं, हे मला कधीच धरता आलेलं नाही, आणि धरायची इच्छाही नाही.

माळावरच्या दीपमाळा लांबून दिसतात. आधी आकाशाहून काळ्या, मग राखी, मग आपल्या खऱ्या रंगाच्या. रावरंभा निंबाळकरांनी 1727 मध्ये कमलाभवानीचं हे देऊळ उभं केलं. इथे 96 या आकड्याला मोठा मान: खांब 96, विहिरीच्या पायऱ्या 96, असं इथला कुणीही सांगेल. मला मात्र या वेळी मोजायला आवडत नाही. घड्याळ, किलोमीटर, वजन, सगळं दिवसाच्या हवाली केलेलं असतं.

पण याच रस्त्यावर माझ्याशेजारून भरतीची पोरं पळतात, आणि त्यांना मोजल्यावाचून गत्यंतर नाही. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर. पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस. मुलींना आठशे, दोन मिनिटं पन्नास सेकंदांत. त्यापुढच्या सेकंदांसोबत गुण गळत जातात, आणि एका गुणावर घरादाराचं नशीब फिरू शकतं. बरीच वर्षं मला वाटायचं, की पळण्यातलं सुख माझ्यासारख्या पोट भरलेल्या माणसाचं. त्यांच्या वाट्याला नुसती धाप. आता तसं वाटत नाही. सोळाशे संपवून कमरेवर हात ठेवून परत चालत येणाऱ्या पोरांचे चेहरे पाहावेत. वेळ चुकलेली असली तरी त्या चेहऱ्यांवर जे असतं, ते निकालाच्या कागदावर मिळत नाही. गरज आणि सुख एकाच पायांत राहू शकतात.

पोरी घोळक्यानं येतात. अंधारात एकटीनं पळायची मोकळीक त्यांना अजून मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी. गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या घासून जातात तेव्हा सगळ्याजणी एका ओळीत साइडपट्टीवर उतरतात, आणि माझा जीव खालीवर होतो. या लेकींना दिवे असलेली, राखलेली धावपट्टी तालुक्या-तालुक्यात मिळणं हा त्यांचा हक्क आहे.

त्यांचा सराव आटोपला तरी त्यांतल्या काहीजणी आणखी एक फेरी मारतात, सावकाश, घड्याळाकडे न बघता. ही कशाला, असं मी एकदा विचारलं. पळता पळताच एकजण म्हणाली, "काका, घरी गेलं की लगेच धारा, मग भाकरी, मग कॉलेज. तवर जरा पळू द्या की."