परत येण्याची अट

शिकायला बाहेर गेलेल्या आदिवासी मुलाने परत गावातच आलं पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. आश्रमशाळेच्या स्नेहसंमेलनाला येणारा प्रत्येक पाहुणा तेच सांगायचा: शिका, मोठे व्हा, गावाचे पांग फेडा. ऐकत ऐकत मोठा झालो आणि पुढे लहान पोरांना मीही तेच सांगू लागलो. जव्हारच्या वसतिगृहातला माझा एक मित्र पुण्यात नोकरीला लागून तिकडेच राहिला, तेव्हा कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोललो नव्हतो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. आमच्याकडची पोरं आता शिकायला, इंटर्नशिपला परदेशी जाऊ लागली आहेत आणि निघतानाच त्यांच्या मानेवर हे ओझं ठेवलं जातं, म्हणून हे लिहितोय.

माझं गाव जव्हार तालुक्यातलं दाभोसा. पावसाळ्यात लेंडी नदीचा धबधबा बघायला मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात. दिवाळी झाली की त्याच रस्त्यावरून वेगळी वाहतूक सुरू होते. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या, त्यांच्यामध्ये पोरं, आणि टेम्पो निघतो भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे. भात निघालं, नागली-वरई झोडून झाली की इथे हाताला काम उरत नाही. पाऊस कोसळतो भरपूर, पण कातळ-उतारावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात धबधब्याच्या मुलखातल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर बसलेल्या असतात.

भट्टीचा व्यवहार ज्याने जवळून पाहिलाय त्याला तो विसरता येत नाही. हंगामाआधीच मालकाचा माणूस पाड्यावर येऊन बयाणा देऊन जातो. मजुरी हजारीवर, म्हणजे हजार विटा पाडल्या की इतके पैसे. नवरा-बायको दोघं पहाटेच्या अंधारात चिखल तुडवायला उतरतात, पण वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. आठवड्याला खर्ची मिळते, ती खाण्यातच जाते. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो, आणि बयाणा फिटलाच नाही असं निघालं की पुढल्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी कायद्याने बंद झाली 1976 साली. माझ्या आईवडिलांना मात्र हिशोबाची वही कधी वाचायला मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी वाचता आली नसती. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने तिथे भोंगाशाळा चालवल्या, त्यातल्याच एका शाळेत माझ्या मोठ्या बहिणीच्या हाती पहिल्यांदा पाटी आली.

मी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात एम.टेक. करत होतो. जागतिक बँक आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पैशातून राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्प तेव्हा चालू होता आणि त्यातून मुलं परदेशी प्रशिक्षणाला जात होती. माझी निवड थायलंडच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसाठी झाली. बँकॉकच्या उत्तरेला, पथुम थानी प्रांतात. निवडीचं पत्र मी घरी आईला वाचून दाखवलं: महिन्याला इतके पैसे, राहायला खोली, आजारी पडलो तर विमा, जायची तारीख, परतीची तारीख. ऐकता ऐकता आईने विचारलं, "जायच्या आधीच समदं लिहून देतात?" मग जरा थांबून, "आन् बयाणा किती?" बयाणा नाही म्हटल्यावर तिने पत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. त्या क्षणी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

तिथलं माझं काम भातखाचरात. भाताला सतत पाणी तुंबवून ठेवायची गरज नसते. भोकं पाडलेली नळी मातीत रोवायची, आत डोकावून पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं, आणि जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरलं की मगच पाणी सोडायचं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पसरवलेली ही पद्धत. पाणी वाचतं आणि मिथेन वायूही कमी सुटतो. सकाळ-संध्याकाळ मी बांधावरून नळ्या मोजत फिरायचो.

माझ्याबरोबर शेतावर काम करणारी एक वयस्क बाई होती, ईशान भागातली. ईशान म्हणजे थायलंडचा ईशान्येकडचा कोरडा मुलूख. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बँकॉककडे कामाला येतात. सगळे तिला 'पी' म्हणत, आपण ताई म्हणतो तसं. फोनवर भाषांतर करून आमचं बोलणं चाले. गावी तिने घर बांधलं होतं, नातवंडं तिथेच. एप्रिलमध्ये सोंगक्रानला, त्यांच्या नव्या वर्षाला, ती जाऊन यायची. मी विचारलं, कायमची परत कधी जाणार? तिला प्रश्नच कळला नाही, फोन बिघडला असं वाटून तिने तो माझ्या हातून घेतला. मी पुन्हा विचारल्यावर म्हणाली, पैसे पुरले की जाईन, नाही पुरले तर नाही.

त्या रात्री मला आमच्या तुकडीतला बागायतदाराघरचा एक मुलगा आठवला. इथूनच नेदरलँड्सला पीएच.डी.ला जाणार, असं तो उघड सांगे आणि सगळे त्याची पाठ थोपटत. गावाचं काय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं. राहुरीला येण्याआधी एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न होता, "परत येऊन समाजासाठी काय करणार?" आणि मी अभिमानाने लांबलचक उत्तर दिलं होतं. ज्या माणसांना पोटासाठी दरवर्षी अर्धं वर्ष गाव सोडावं लागतं, त्यांच्याच पोराला गाव सोडू नको म्हणून सांगायचं, ते गेलं तर आधी परतीची हमी मागायची! आणि शिष्यवृत्ती म्हणजे जणू बयाणाच, जन्मभर फेडत राहायचा.

आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांचंच पाहा. ते ऑक्सफर्डला शिकले, 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार झाले, आफ्रिकेत गोल्ड कोस्टला शिकवायला राहिले. रांचीला येऊन आदिवासी महासभेचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं ते 1939 मध्ये. जग हिंडून आल्यामुळे संविधान सभेत ते कुणापुढे दबले नाहीत, असं मला वाटतं.

परतीची अट नको, या माझ्या मतावर जव्हारमधली मंडळी नाराज होतात आणि त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. 1992 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं गेली, ती आठवण इथे अजून ताजी आहे. डॉक्टर इथे टिकत नाहीत. मग आपल्याच मुली डॉक्टर होऊन आल्या नाहीत तर येणार कोण? प्रश्न खरा आहे, पण तो सरकारला विचारायचा आहे. दवाखान्यात डॉक्टर असणं हा आमचा हक्क आहे. कुणा एका मुलीने आपलं आयुष्य वाहिलं तरच तो मिळावा, हे मला मान्य नाही. तिला यायचं असेल तर तिने आनंदाने यावं.

मी सध्या नाशिकला पाणी-नियोजनाचं काम करतो. दाभोशाला सणासुदीला आणि आवणीला जातो. भावाच्या खाचरात दोन नळ्या रोवून पाहिल्या, आमच्या उताराच्या जमिनीत त्या फारशा चालल्या नाहीत. पुण्यातल्या त्या मित्राकडे जाऊन मनातलं सगळं बोलून आलो.

गेल्या उन्हाळ्यात वसतिगृहातली एक मुलगी परदेशातल्या इंटर्नशिपचं पत्र घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघांनी ते ओळ न्‌ ओळ वाचलं. विमा कोण भरणार, व्हिसाचे पैसे कुणाचे, काम अर्धवट सुटलं तर परतीचं तिकीट कोण काढणार, हे तिने विचारून लेखी मागवलं. अर्जातल्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'परत येऊन गावाची सेवा करीन.' मी तिला विचारलं, हे तुला मनापासून लिहायचंय का? ती म्हणाली, सर, माहीत नाही अजून. मग तेच लिही, म्हटलं.