जोड कुठाय?

शिकागोला जून लागला म्हणजे उन्हाळा लागलाच असं नाही. आमच्या उपनगरात घाम फुटला तरी लेक मिशिगनवरून वारं सुटलं की डाउनटाउनमध्ये दात वाजतात. म्हणून पुण्याहून आलेले नाना कानटोपी घालूनच निघाले.

बेत मुलीचा. पुढच्या वर्षी तिचं कॉलेज, आणि तिला शिल्पकला शिकायचीय. त्यावरून घरात तीन महिने धुसफूस चालली आहे. मी कर्ज काढून इथे मेकॅनिकलमध्ये एम. एस. केलं; ‘कलेवर घर चालतं का?’ हा माझा ठरलेला प्रश्न.

मिलेनियम पार्कात अनीश कपूरचं ‘क्लाउड गेट’ आहे. सगळे त्याला ‘बीन’ म्हणतात. कपूर १९५४ साली मुंबईत जन्मलेला, हे ऐकल्यावर नानांनी जरा लक्ष दिलं. आभाळ, इमारती, आइस्क्रीम खाणारी पोरं, सगळं त्या स्टीलमध्ये वाकून दिसत होतं. लोक फोटो काढत होते. नाना बोटांनी पत्रा चाचपत होते. भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस!

“जोड कुठाय रे?”

१६८ पत्रे वेल्ड करून, घासून, पॉलिश करून जोड पुसलेत, असं मी सांगितलं. २००४ मध्ये पार्क उघडलं तेव्हा ते दिसत होते. सगळं पुरं व्हायला २००६ उजाडलं.

“दोन वर्षं? आम्हाला फोरमन दोन तास देत नसे,” म्हणाले, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

तिथून चालत फेडरल प्लाझात गेलो. काल्डरचा ‘फ्लेमिंगो’, १९७४ चा, ५३ फूट उंच, लालभडक. त्याचे पत्रे बोल्टनं जोडलेले, आणि बोल्ट सरळ दिसतात. नाना खूश. “यानं काही लपवलं नाही बघ.”

मीही उत्साहात बोलून गेलो, “अहो नाना, हा मुळात मेकॅनिकल इंजिनिअर. १९१९ चा पदवीधर!”

मुलगी काहीच बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली.

नानांनी कानटोपी काढून माझ्या हातात दिली. “काय गं, तुझ्या त्या कॉलेजात वेल्डिंग शिकवतात?”

“शिकवतात, आजोबा.”

“मग चल, दाखव कुठाय ते.”

दोघं पुढे निघाले. मी कानटोपी घेऊन मागून.