मी वेणी घालतो!

वेणी! तीन पेडांची, सैलसर, मानेपाशी सुरू होणारी साधी वेणी! केस वाढवणाऱ्या प्रत्येक पुरुषाला रस्त्यात थांबवून हे सांगावंसं वाटतंय. केस खांद्याखाली उतरले की मोकळे सोडायचे, नाहीतर डोक्यावर अंबाडा आवळायचा, एवढंच आजवर पाहत आलो होतो. तिसरी वाट कोल्हापूरच्या मावशीच्या बोटांत होती.

पुण्याहून बाईकवरून तिच्याकडे पोचलो तेव्हा हेल्मेटखालून बाहेर राहिलेल्या केसांचा वाऱ्यानं पार गुंता केला होता. मावशी म्हणाली, "हितं बस की रं माझ्यापुढं." बसलो. तिनं कंगवा घेतला आणि तिथूनच माझं आश्चर्य सुरू झालं. तिनं टोकापासून सुरुवात केली! आधी खालचे चार बोटं केस, ते सुटल्यावर जरा वर, मग आणखी वर, आणि मुळापासून टोकापर्यंत एकच लांब हात सगळ्यात शेवटी. "वरनं वढलास की गुत्ता खाली जाऊन बसतोय, मग तुटतोय क्यास." मग तीन पेड झाले, बोटं सरसर खाली गेली, शेवटाला कापडी रबर. मी मान हलवली. तोंडावर एक बट नाही, कानामागे खाज नाही, डोक्याला ताण नाही! पाठीवर फक्त एक हलकं वजन. इतकं सोपं? आणि हे आपल्याला कोणीच कसं सांगितलं नाही?

घरी आल्यावर मी झपाटल्यासारखा वाचत सुटलो. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे खांद्याखाली पोचलेलं टोक डोक्यातून बाहेर पडून दोन-अडीच वर्षं तरी झालेली असतात. तेवढ्या काळातलं ऊन, धूळ, कॉलरचं घासणं, बॅगेच्या पट्ट्याखाली अडकणं, सगळं त्या टोकानं सोसलेलं असतं. आणि त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो, तो स्वतःची डागडुजी करू शकत नाही. "माझे केस एका लांबीनंतर वाढतच नाहीत" असं म्हणणाऱ्या कित्येकांचे केस मुळाशी व्यवस्थित वाढत असतात आणि टोकाशी तेवढेच तुटत असतात! वेणी हे तुटणं रोखते. शेकडो सुटे केस एकमेकांच्या आधारानं राहतात, टोकं एका जागी थांबतात, घासायला आणि गुंतायला फारसं काही उरत नाही. केस राखणाऱ्या केशरचना म्हणतात त्या ह्याच.

ही कल्पना जगभर पोचवली ती आफ्रिकी वंशाच्या लोकांनी. त्यांचा केस घट्ट वळणांचा असतो. डोक्याचं नैसर्गिक तेल त्या वळणांतून टोकापर्यंत उतरत नाही, आणि प्रत्येक वळण हे तुटण्याची जागा असतं. म्हणून कवटीलगत ओळीनं घातलेल्या बारीक वेण्या, पीळ, गाठी. बास्केटबॉलपटू ॲलन आयव्हर्सनच्या तशा वेण्यांनी एक अख्खी पिढी भारावली होती. अशा केशरचनांवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ साली कायदा करावा लागला, इतकं त्या समाजानं ह्या वेण्यांसाठी सोसलंय. माझ्या सरळ केसांवर त्या ओळी मी घालणार नाही. त्या त्यांच्या केसांसाठी घडल्या आहेत, आणि त्यांच्यामागचं तत्त्व मावशीच्या सैल वेणीतही आहे.

सैल! हा शब्द मी ठळक अक्षरांत लिहून आरशावर लावलाय. केस रोज त्याच जागी ताणला गेला की मूळ दुखावतं, कपाळाची रेघ मागे सरकते. डॉक्टरी भाषेत ट्रॅक्शन ॲलोपेशिया. त्याचं पहिलं वर्णन १९०७ सालचं, केस घट्ट बांधणाऱ्या ग्रीनलंडच्या बायकांमधलं. वेळीच ताण काढला तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिला तर मूळच संपतं. म्हणून तो डोक्याच्या टोकावरचा करकचून बांधलेला अंबाडा, दिसायला कितीही रुबाबदार असला तरी, मी रोज बांधणार नाही. भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या किंवा बांधल्याजागी ठणकलं, की तिथल्या तिथं सोडायचं. आणि गाठीची जागा बदलत राहायची. आज मानेपाशी, उद्या जरा वर, परवा एका बाजूला.

हा शोध लागल्यावर कामानिमित्त नांदेडला गेलो आणि डोळे उघडे ठेवून पाहिलं. तिथं सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात केस राखणाऱ्या शीख पुरुषांमध्ये मी उभा होतो! एका वृद्ध बाबाजींना आदरानं विचारलं. ते हसले आणि म्हणाले, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा केस विंचरायचे, जुडा बांधायचा, लाकडी कंगा त्यातच खोचून ठेवायचा. त्यांच्यासाठी केश ही श्रद्धा आहे, मी त्याला फॅशनच्या रांगेत बसवणार नाही. पण पुरुषानं स्वतःच्या केसांची दोन वेळा निगुतीनं देखभाल करावी, ह्यात लाजण्यासारखं काही नाही हे त्या माणसाच्या ताठ मानेकडे पाहून मला आतपर्यंत पटलं.

आपल्याकडे लांब केसांचे नायक होतेच. २००६ साली लाहोरला पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी सगळ्यांसमोर धोनीला केस कापू नकोस असं सांगितलं, तेव्हा आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी न्हाव्याकडे जाणं लांबवलं होतं. झाकीर हुसेन यांच्या बटा तबल्याबरोबर उसळायच्या. केस मोकळे कसे दिसतात हे ह्यांनी दाखवलं, पण बांधायचे कसे हे मुलग्यांना कोण शिकवणार? मुलीला ते आईच्या पुढ्यात बसून आपोआप मिळतं. आपल्या घरांत ही विद्या पिढ्यान् पिढ्या आहे, मागायचा अवकाश!

मी मागत सुटलोय. आईनं सांगितलं, ओले केस बांधू नकोस. ते खरंच आहे. ओला केस जास्त ताणला जातो आणि पटकन तुटतो. जाड टॉवेलनं खसाखसा पुसण्यापेक्षा मऊ पंचा गुंडाळायचा. खोबरेल तेलाचं तर शास्त्रानंच सांगितलंय. मुंबईच्या रेळे आणि मोहिले ह्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाच्या तेलाला ते जमलं नाही. आजीचा आग्रह प्रयोगशाळेत खरा ठरला! तिच्या जुन्या रेशमी साडीचा मी उशीला अभ्रा शिवून घेतलाय. सुती कापडापेक्षा रेशमावर केस कमी घासतो, आणि झोपताना सैल वेणी घातली की सकाळी गुंता जवळपास नाहीच.

घाई असेल तेव्हा दोन पेडांचा पीळ. दोन्ही पेड आपापल्या जागी उजवीकडे पिळायचे आणि मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. दोर वळतात तसंच. दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात आणि उलगडत नाहीत. पहिल्यांदा तो हातात टिकून राहिला तेव्हा मी एकटाच ओरडलो, "जमलं!"

आणि आत्मविश्वास! केस मोकळे असताना हात सारखा तोंडाकडे जायचा. बट मागे सार, कान मोकळा कर, काचेत बघ. परवा ऑफिसात वेणी घालून पूर्ण सादरीकरण केलं आणि माझे हात माझ्याकडेच होते. केसांचा विचार एकदाही आला नाही. लग्नघरी काका म्हणाले, "कधी कापणार हे?" मी मनापासून म्हणालो, "काका, मला आवडतात. बघा ना, वेणी कशी जमलीय." त्यांनी खरंच वेणी हातात घेऊन पाहिली, आणि काकूनं तिथंच एक पेड सुटत होता तो नीट करून दिला.

सध्या सागरवेणी शिकतोय. कपाळापासून थोडे थोडे केस घेत विणत जायचं, पुढे-मागे दोन आरसे ठेवून. खांदे भरून येतात, पण काल निम्म्यापर्यंत पोचलो. मामेभावाचे केस आत्ताच कॉलरला लागलेत. ह्या लांबीला ना कापवत, ना बांधवत. त्याला रविवारी बोलावलंय. वरचे केस अर्धे घेऊन छोटा सैल अंबाडा कसा बांधायचा, हे त्याला आधी दाखवणार आहे!