रेघ कुणी आखली?

औरंगाबादेत पाश्चात्त्य साहित्यशास्त्र शिकवत असताना एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले होते, "सर, दुबई तर आपल्या पश्चिमेला. मग तिकडच्या भागाला मध्यपूर्व का म्हणतात?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि ॲरिस्टॉटलकडे वळलो. खरे म्हणजे उत्तर आम्हांला सुचले नव्हते.

पृथ्वीगोलावरच्या रेघा आम्ही शाळेत पाठ केल्या होत्या, एवढेच. आपले गाव सुमारे 19 अंश 53 मिनिटे उत्तर, 75 अंश 20 मिनिटे पूर्व. (2023मध्ये शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले, आकडे तेच राहिले.)

वास्तविक रेखांश आमच्या घरातच होता, आजीच्या संकष्टीत. गावोगावच्या चंद्रोदयाच्या छापील वेळा पाहून ती म्हणे, "मुंबईच्या आत्याला अजून दहा मिनिटे उपाशी राहायचे आहे." पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे अंशाला 4 मिनिटे, मुंबई आमच्या अडीच अंश पश्चिमेला. भूगोलाच्या पुस्तकाने जे सांगितले नाही ते आजीच्या उपासाने सांगितले होते, पण आमचे लक्ष ताटाकडे.

अक्षांश त्याहून उशिरा कळला. दर वर्षी 19 मेच्या सुमारास सूर्य नेमका या शहराच्या माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. आम्ही गच्चीवर काठी रोवून बाराच्या ठोक्याला पाहिले, तर सावली होतीच! ती गेली 12 वाजून 25 मिनिटांच्या आसपास. आपले घड्याळ 82 अंश 30 मिनिटे रेखांशाचे. तिथला सूर्य आमच्याकडे सुमारे 29 मिनिटांनी पोहोचतो, आणि मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटे पुढे असतो. 

त्या गच्चीवर एक भेद ध्यानात आला. अक्षांशाचे शून्य पृथ्वीच्या फिरण्यानेच ठरवून दिलेले आहे. रेखांशाला असे शून्य नाही. ते कुणीतरी ठरवावे लागते. 1884मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रिनिच ठरवले. आपल्या सिद्धान्तकारांनी त्याच्या कितीतरी आधी लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांतून जाणारी रेखा मानली होती, आणि तिच्यापासूनच्या पूर्व-पश्चिम अंतराला 'देशांतर' म्हटले होते. उज्जैनचा रेखांश 75 अंश 46 मिनिटे. म्हणजे अजिंठा जवळजवळ त्या शून्यावरच, आणि आमचे शहर तिच्या पश्चिमेला जेमतेम 45 किलोमीटर. त्या हिशेबाने पाश्चात्त्य आम्हीच!

विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर एवढेच होते की, दुबई पश्चिमेलाच आहे. नाव ठेवणारा युरोपात उभा होता. ते त्या दिवशी सांगता आले असते, तर ॲरिस्टॉटलही 'पाश्चात्त्य' कुणाच्या लेखी, हा प्रश्न वर्गात आला असता. पुढच्या वर्षी आम्ही तो काढला. अभ्यासपत्रिकेचे नाव अर्थातच बदलले नाही.